प्लास्टर घातलेल्या पायाची पहिल्या दोन रात्री राखण कशी करायची

रात्री पावणेबाराला त्या मुलाची आई तिसऱ्यांदा माझ्या टेबलाशी आली. "सिस्टर, अजून एक सुई द्या ना त्याला. फार ठणकतंय म्हणतो."

मुलगा १९ वर्षांचा. संध्याकाळी खडीवरून गाडी घसरून नडगीचं हाड मोडलेलं, कातडी फाटलेली नव्हती. कच्चं प्लास्टर घालून, वर पट्टी गुंडाळून त्याला वॉर्डात दिलं होतं, सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. सातला दिलेल्या सुईने त्याला तासभर झोप लागली. दहाच्या सुईने अर्धा तासही नाही. मी ऑर्थोच्या वॉर्डात २३ वर्षं काढली आणि त्या वर्षांनी मला जे शिकवलं ते एवढंच, की मोडलेलं हाड नीट बांधून स्थिर ठेवलं की दुखणं तासागणिक थोडं थोडं उतरायला हवं. इथे ते चढत होतं.

मी चादर बाजूला केली, प्लास्टरमधून बाहेर आलेला अंगठा दोन बोटांत धरला आणि हलक्या हाताने तळव्याकडे वाकवला. जेमतेम वाकवला असेल, मुलाने कॉटचा दांडा पकडला आणि ओरडला. दुखलं कुठे, विचारलं तर अंगठ्यात नाही, वर नडगीच्या बाहेरच्या अंगाला.

मी सुई दिली नाही. आधी डॉक्टरांना बोलावलं.

हे लिहितेय ते रुग्णाशेजारी स्टुलावर बसून रात्र काढणाऱ्या आई-वडिलांसाठी, बायकोसाठी, भावासाठी. आणि वॉर्डात नव्याने आलेल्या माझ्या धाकट्या सिस्टरांसाठी. त्या मुलाच्या पायात जे घडत होतं त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. कंपार्टमेंट म्हणजे स्नायूंचा बंद कप्पा. त्याच्या आतला दाब चढून स्नायूचं रक्त तुटतं. ते ओळखायला यंत्र लागत नाही. लक्ष लागतं, आणि दुखतंय म्हणणाऱ्यावर विश्वास लागतो.

आधी स्वतःचा पाय चाचपून बघा

खुर्चीत बसा, टाच जमिनीवर ठेवा. नडगीच्या हाडाच्या लगेच बाहेरच्या बाजूला बोटं ठेवा आणि पाऊल वर उचला. बोटांखाली जो स्नायू कडक होतो, तो पुढचा कप्पा. पाऊल आणि बोटं वर उचलायचं काम त्याचं. आता बोटं आणखी बाहेर, जवळजवळ पायाच्या कडेला न्या आणि तळवा बाहेरच्या दिशेला फिरवा. हा कडेचा कप्पा. उभं राहून चवड्यांवर उचला, पोटरीचा गोळा वर येईल. तो मागचा वरचा कप्पा. चौथा हाताला लागत नाही. तो पोटरीखाली, हाडांना चिकटून खोल असतो. पायाची बोटं आत वळवली की तो काम करतो.

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत असे चारच कप्पे. मांडीत तीन असतात, पण आपल्याला जपायचे ते हे चार, कारण घोळ बहुतेक इथेच होतो. एडिनबर्गच्या डॉक्टरांनी २००० साली अशा १६४ रुग्णांची नोंद छापली, त्यात एक तृतीयांशाहून जास्त जणांना हे नडगीच्या फ्रॅक्चरमुळे झालं होतं. तरण्या मुलांचा भरणा मोठा होता. तरुणाचे स्नायू भरलेले असतात आणि कप्प्यात जागा मोकळी नसते.

प्रत्येक कप्प्याभोवती एक आवरण असतं. मटण साफ करताना मांसावरून पांढरा, चकचकीत, चिवट पापुद्रा सुटतो ना, तसंच. पिशवीसारखं ते फुगत नाही. हाड मोडलं की आत रक्त साचतं, मार बसलेला स्नायू सुजतो, आणि आवरण जागा देत नाही म्हणून कप्प्यातला दाब वाढत जातो. बाहेर नेणाऱ्या शिरा आधी दबतात, त्यामुळे आत आलेलं रक्त तुंबतं, सूज आणखी वाढते, दाब आणखी चढतो. त्यावर घट्ट प्लास्टर असेल तर बाहेरूनही वाट बंद.

निरोगी माणसाच्या कप्प्यात हा दाब साधारण १० च्या आत असतो, बीपीच्या मापाने. समजा रुग्णाचं खालचं बीपी ७० आहे आणि कप्प्यातला दाब चढून ४५ झाला. मधे उरले २५. हा फरक ३० च्या खाली आला की बारीक केशवाहिन्यांतून स्नायूला पुरेसं रक्त मिळत नाही आणि डॉक्टर ऑपरेशनच्या तयारीला लागतात. रक्त जास्त गेलेल्या, बीपी उतरलेल्या माणसात हे आणखी लवकर होतं, म्हणून त्याच्या पायाकडे मी दुप्पट वेळा जायची.

स्नायू असा साधारण ४ तास तग धरतो. ६ तासांनी शाश्वती नाही. ८ तासांनी त्यातला बराचसा परत येत नाही. मेलेला स्नायू पुढे आखडतो, बोटं आत वळून चिमटतात, पाऊल लुळं पडतं. "सकाळी राउंडला मोठे डॉक्टर येतीलच, तेव्हा दाखवू" हे म्हणजे ही सगळी मुदत झोपून घालवणं.

नाडीचा भरवसा धरू नका

पुस्तकात या आजाराची पाच लक्षणं दिलेली असतात: दुखणं, पांढरं पडणं, मुंग्या, हालचाल जाणं, नाडी जाणं. पाठ करायला सोपी आहेत आणि तिथेच घात होतो. वाचणाऱ्याला वाटतं पाचही दिसली की समजायचं. प्रत्यक्षात पहिलं सोडलं तर बाकीची उशिरा येतात, आणि नाडी तर कित्येकदा शेवटपर्यंत जात नाही. मोठ्या धमनीत वरचं बीपी १२० च्या आसपास असतं. कप्प्यातला ५० चा दाब तिला बंद करू शकत नाही, तो फक्त स्नायूच्या आतल्या बारीक वाहिन्या बंद करतो. पाऊल गरम, बोटं गुलाबी, नाडी उत्तम, आणि आत स्नायू गुदमरतोय, असं होतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हे चुकले आहे. ऊसतोडीला आलेला पंचविशीतला माणूस होता, ट्रॉलीवरून पडलेला. रात्रभर विव्हळत होता. मी दर तासाला त्याच्या पावलावरची नाडी बघितली, ती छान लागत होती, तसं लिहिलं, आणि त्याला म्हटलं, "दादा, तरणाताठा माणूस तुम्ही, थोडं सोसा." सकाळी त्याचा अंगठा वर उचलला जात नव्हता. पुढचा कप्पा गेला होता. पाय वाचला, पण पाऊल उचलणारा स्नायू परत आला नाही. वॉर्डातून निघाला तो पाऊल आपटत चालत गेला. त्या रात्रीनंतर "सोसा" हा शब्द मी कुठल्याच रुग्णाला म्हटलेला नाही.

दर तासाला काय बघायचं

पहिले ४८ तास हे करा. घरी असाल तर रात्री गजर लावा. वहीचं एक पान घ्या, वेळ लिहायला जागा ठेवा.

सुरुवातीलाच पायातली जोडवी, पैंजण, काळा दोरा काढून टाका. बायका जोडवी काढायला तयार होत नाहीत, मला ठाऊक आहे. मी त्यांना सांगायची की पदराच्या गाठीला बांधून ठेवा, सूज उतरली की पुन्हा घालू. सुजल्यावर ती निघत नाहीत, कापावी लागतात, आणि ते त्या बाईला जास्त लागतं. नखांचा गडद रंगही पुसा, खालचा रंग दिसायला हवा.

मग दुखण्याबद्दल विचारा. "दुखतंय का?" असं विचारू नका, हाड मोडलंय, दुखणारच. "मघापेक्षा जास्त की कमी?" असं विचारा आणि उत्तर वेळेसकट लिहा. किती वाजता गोळी किंवा सुई दिली आणि तिने किती वेळ आराम पडला, तेही लिहा. औषधाचा आराम दर खेपेला आखूड होत चाललाय, हे एका ओळीखाली दुसरी ओळ आली की दिसतं. तोंडी हिशोबात ते हरवतं, कारण दोन तासांनी बसणारा माणूस बदलतो, आई जाते, मामा येतो.

नंतर अंगठा आणि बाकीची बोटं. तुम्ही स्वतःच्या हाताने हळूच खाली, तळव्याकडे वाकवा. असं केल्याने पुढच्या कप्प्यातला स्नायू ताणला जातो. नडगीच्या बाजूला असह्य कळ आली तर तो कप्पा बोलतोय असं समजा. मग बोटं वर, नडगीकडे उचला. आता खोल कप्पा ताणला जातो आणि कळ पोटरीच्या आत उठते. चार कप्प्यांतला हा खोल कप्पा सगळ्यात फसवा. बाहेरून पोटरी मऊ लागली म्हणून डॉक्टरसुद्धा चकतात, पण बोटं वर उचलल्यावर रुग्ण जे सांगतो ते ऐकलं तर चकायचं कारण नाही.

आता रुग्णालाच बोटं हलवायला सांगा, वर आणि खाली. मघाशी हलत होती आणि आता हलत नाहीत, हे "दमलाय" म्हणून सोडून द्यायचं नाही.

स्पर्श कापसाच्या बोळ्याने बघा. रुग्णाला डोळे मिटायला सांगा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बोळा टेकवा, ती जागा पुढच्या कप्प्यातून जाणाऱ्या नसेची. पावलाच्या पाठीवर बोटांच्या मुळाशी कडेच्या कप्प्याची. करंगळीकडच्या कडेला मागच्या वरच्या कप्प्यातून जाणाऱ्या नसेची. बोटांच्या खाली तळव्यावर खोल कप्प्याची. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या पायाशी तुलना करा. मुंग्या येतायत, मोजा घातल्यासारखं वाटतंय, कापूस कळत नाही, यातलं काहीही ऐकलं की नोंद करा आणि उठा. बेचक्यातला बधिरपणा मी कधीच हलक्यात घेतला नाही.

रंग आणि नाडी शेवटी बघा. नख दाबून सोडल्यावर २ सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. होत नसेल तर घाई करा. होत असेल तर मात्र वरचं सगळं विसरू नका.

पट्टीच्या वर किंवा प्लास्टरच्या कडेला जेवढी पोटरी उघडी असेल ती हलकेच दाबून पाहा. सूज बहुतेकांना असते, ती दाबली की खड्डा पडतो. या आजारात पाय तट्ट होतो, कातडी ताणून चकाकते, बोट रुतत नाही.

संशय आला तर पहिल्या दहा मिनिटांत

पायाखालच्या उशा काढा. एरवी प्लास्टरचा पाय उशीवर ठेवायला आम्हीच सांगतो, सूज उतरावी म्हणून, त्यामुळे हे नातेवाइकांना पटत नाही. पण कप्प्यातला दाब चढलेला असताना पाय वर केला की त्याच्यात पोचणाऱ्या रक्ताचा जोर आणखी कमी होतो. पाय गादीवर सपाट, छातीच्या पातळीला ठेवा. खालीही लटकवू नका.

वॉर्डात असाल तर सिस्टरला बोलवा आणि नेमकं बोला. "खूप दुखतंय" हे रात्रभरात ती वीस तोंडांतून ऐकते. असं म्हणा: "दहाच्या सुईने अर्धा तासच आराम पडला, दुखणं वाढत चाललंय, अंगठा वाकवला की नडगीत कळ येते, बेचक्यात बधिर लागतंय. कंपार्टमेंट सिंड्रोम तर नाही ना, डॉक्टरांना दाखवायचंय." एवढं ऐकल्यावर कुणी सिस्टर बसून राहणार नाही. राहिलीच तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः गाठा. उद्धटपणा होईल म्हणून गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि सकाळी त्यांचे चेहरेही.

घरी असाल तर रुग्णालयात फोन करा आणि १०८ ला लावा, किंवा जी गाडी आधी मिळेल ती. कच्चं प्लास्टर असेल आणि दवाखाना लांब असेल, तर फोनवर डॉक्टरांना विचारून वरची पट्टी पुढच्या बाजूने उभी कापा, आतला कापूसही कापा, थेट कातडी दिसेपर्यंत. कापूस रक्ताने भिजून वाळला की तोच दोरीसारखा आवळतो, म्हणून नुसती पट्टी सोडून भागत नाही. मागचा कडक भाग पायाखाली तसाच राहू द्या, हाडाला आधार त्याचाच आहे. पक्कं प्लास्टर मात्र घरी सुरी-करवतीने कापायला जाऊ नका, ते रुग्णालयात मशीनने दोन्ही बाजूंनी उभं चिरतात.

तेल चोळू नका, शेकू नका. वाटेत चहा-बिस्किट देऊ नका, भूल द्यावी लागण्याची शक्यता आहे. आणि झोपेची गोळी तर मुळीच नको, झोपलेला रुग्ण काही सांगू शकत नाही.

हाच मुद्दा ऑपरेशननंतरही लक्षात ठेवा. कमरेतून भूल दिली असेल किंवा नस बधिर करायची सुई दिली असेल, तर तेवढे तास पाय दुखणारच नाही आणि पहिली सूचना मिळणारच नाही. बेशुद्ध, दारू प्यायलेला, खूप वयस्कर, अशा माणसांचंही तेच. तिथे दर तासाला हाताने पाय चाचपणं आणि डॉक्टरांना आठवण करणं एवढंच आपल्या हाती असतं. लहान मुलं तर "दुखतंय" हेही नीट सांगत नाहीत. ती चिडतात, घाबरतात, आईला सोडत नाहीत, पुन्हा पुन्हा औषध मागतात. प्लास्टरमधलं मूल कशानेही शांत होत नसेल तर हट्टी म्हणण्याआधी प्लास्टर उघडून बघायला सांगा.

आणि जखमेतून रक्त वाहतंय म्हणजे दाब निघून गेला, असं समजू नका. हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरमध्येही हे होतं. एक कप्पा फाटला तरी तीन बंदच असतात.

डॉक्टर काय करतात

शंका राहिली तर दाब मोजतात. खास यंत्र सगळीकडे नसतं. आमच्या वॉर्डात बीपीचं पाऱ्याचं यंत्र, सलाइनची नळी, थ्री-वे म्हणजे तीन तोंडांची चावी, आणि सुई एवढ्यावर मोजलेलं मी कितीदा पाहिलंय. चित्र स्पष्ट असेल तर मोजत बसत नाहीत, थेट थिएटरमध्ये नेतात.

तिथे पायाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला दोन लांब चिरा घेऊन चारही कप्प्यांची आवरणं उघडतात. याला फॅसिऑटॉमी म्हणतात. सही करताना नातेवाइकांचे हात कापतात, एवढी मोठी जखम कशाला म्हणतात. लहान चिरेतून आवरण पूर्ण उघडत नाही, म्हणून. आवरण सुटल्याबरोबर स्नायू फुगून बाहेर येतो, काळपट असला तर जिवंत भाग हळूहळू लाल होतो. चिमट्याने धरल्यावर आकसत नाही, कापल्यावर रक्त येत नाही, तो भाग गेलेला असतो, तो काढावा लागतो.

जखम लगेच शिवत नाहीत. दोन-तीन दिवसांनी पुन्हा थिएटरमध्ये नेऊन बघतात. पहिल्यांदा ड्रेसिंग उघडलं की घरच्यांना भोवळ येते, आधी सांगून ठेवलेलं बरं. काही ठिकाणी कातडीच्या दोन्ही कडांना पिना मारून त्यातून रबरी दोरी बुटाच्या नाडीसारखी ओवतात आणि थोडी थोडी ओढत कडा जवळ आणतात. नाही जुळल्या तर मांडीची पातळ कातडी लावतात. या दिवसांत लघवीचा रंग बघत राहा. कोऱ्या चहासारखी गडद झाली तर लगेच सांगा, मेलेल्या स्नायूतला रंग मूत्रपिंडात अडकतोय. भिंतीखाली सापडलेल्या माणसांत हे फार दिसतं.

हाडवैद्याची पट्टी आणि सापाची दोरी

फ्रॅक्चरनंतर आधी हाडवैद्याकडे जाणारे अजून खूप आहेत. बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेला पाय तिसऱ्या दिवशी आमच्याकडे यायचा, बोटं काळीनिळी. तेव्हा चीर घेतली तर मेलेल्या मांसात जंतू शिरतात, न घ्यावी तर पाय आखडणारच, डॉक्टरांपुढे दोन्ही वाटा वाईट. घट्ट पट्ट्यांमुळे स्नायू मरून आखडतात हे जर्मन सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली लिहून ठेवलंय. कुणी बांधलेलंच असेल तर निदान दर तासाला वरची तपासणी करा आणि कळ वाढली की सोडून टाका, कुणाला विचारत बसू नका.

घोणस किंवा फुरसं चावल्यावर पाय भयंकर सुजतो. वर दोरी आवळून बांधू नका. जोडवी-पैंजण काढा, पाय हलू देऊ नका, रुग्णालय गाठा. तिथे आधी सापाच्या विषावरची लस देतात. सूज बघून कुणी लगेच "चिरा द्या" म्हणालं तर घाई नको, या विषाने रक्त गोठत नाही, चीर वाहत राहते. दाब मोजून, रक्त गोठायला लागल्यावरच तो विचार होतो.

पोलीस भरतीची १६०० मीटर धावायची तयारी करणारी मुलं ओपीडीत येऊन सांगतात की रोज ठरावीक अंतर पळालं की नडगीची बाहेरची बाजू दगड होते, थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटतं. तेही कप्प्याच्या दाबाचंच एक रूप, पण सावकाशीचं. दिवसा वेळ घेऊन हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं तरी चालतं. थांबूनही ठणका वाढतच राहिला, पाऊल उचलेना, तर मात्र तीच रात्र धरून निघायचं.

त्या १९ वर्षांच्या मुलाची पट्टी मी बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांसमोर कापली आणि दीडला तो थिएटरमध्ये होता. चारही कप्पे लाल निघाले. पाय मांडीच्या कातडीने झाकावा लागला, आणि पाऊल लोंबू नये म्हणून तीन आठवडे त्याच्या टाचेला आधाराची पट्टी होती. ती सकाळ-संध्याकाळ सोडून त्याची आई अंगठा वर-खाली करायची, प्रत्येक वेळी दहादा, वहीत खूण करून.